तळटीप : ‘चौथ्या वर्षाचा प्रबंध’

७. चौथ्या वर्षाचा प्रबंध : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधन घेता येते, १६० श्रेयांकांपैकी १२ प्रबंधाचे. लेखक अशा विद्यार्थ्यांना तंजावरला धाडतात, ते उगाच नव्हे. १९१८पासून वाचकांना खुल्या असलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसलेकालीन मोडी कागद आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने अशा कागदांचे तमिळ भाषांतर छापले. म्हणजे मूळ मराठी कागद उलगडायला मराठी मुलाने तमिळ जाणणारा सोबती गाठायचा! मोडीत आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत. त्यात इथला हिशेब चक्रम आणि पणमांत, धान्य कलमांत. पुण्याच्या पेशवे दफ्तरावर हात बसलेलाही इथे अडखळतो. म्हणून ‘सरफोजींचा राज्यकारभार’ असला ऐसपैस विषय वर्षभरासाठी घेऊच नये (मार्गदर्शक मात्र नेमका तोच सुचवतात). ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रासारख्या एखाद्या अन्नछत्राचा एका सालचा जमाखर्च हाती लागला, तर तेवढा पुरे. मोडी न येणाऱ्याला बृहदीश्वर मंदिरातला १८०३चा भोसले वंशाचा मराठी शिलालेख आहे; तो देवनागरीत आहे. त्याचा पाठ पूर्वीच छापला गेला आहे, तेव्हा छापील पाठ दगडाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा. — संपा.