उन्हाचं देणं आणि कातडीचा रंग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुडदूस हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. आपल्या आजीच्या पिढीला मात्र तो चांगला ठाऊक होता. पाय वाकलेलं, पोट सुटलेलं मूल दिसलं की जाणत्या बायका म्हणत, ‘याला मुडदूस झालाय.’ आजचा आपला विषय मुडदूस नाही. तो आहे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग. पण या दोन आजारांना जोडणारा एक धागा आहे. तो म्हणजे ऊन आणि उन्हामुळे अंगात तयार होणारं ड जीवनसत्त्व. त्या धाग्याला एक गाठ आहे कातडीच्या रंगाची. ती कशी पडली, हे पाहायचं तर थोडं मागे जायला हवं.

थिओबाल्ड पाम नावाचे एक मिशनरी डॉक्टर जपानमध्ये काही वर्षं काम करून इंग्लंडला परतले. जपानमध्ये त्यांना मुडदूस जवळजवळ दिसला नव्हता. इंग्लंडच्या धुरकट शहरांत मात्र तो गल्लोगल्ली होता. निरनिराळ्या देशांतल्या डॉक्टरांकडून माहिती गोळा करून त्यांनी १८९० साली मांडलं, की कमी आहे ते अन्न नव्हे, ऊन. त्या वेळी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून मुडदुसाची मुलं बरी करून दाखवली. १९२२ साली अमेरिकेत एल्मर मॅककॉलम यांनी कॉड माशाच्या तेलातला मुडदूस बरा करणारा घटक वेगळा ओळखला. अ, ब, क ही अक्षरं आधीच वापरून झाली होती, म्हणून याच्या वाट्याला ‘ड’ आलं.

याच १९२२ साली आपल्या नाशिककडच्या पाहणीवर आधारलेला एक लेख इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. हचिसन आणि शाह हे त्याचे लेखक. सुखवस्तू, पण गोषा पाळणाऱ्या घरांतल्या बायका-मुलांत त्यांना मुडदूस आढळला. उलट अर्धपोटी राहणारी, पण दिवसभर उघड्यावर वावरणारी गरिबांची मुलं त्यातून सुटलेली होती. दोघांच्या कातडीचा रंग एकच. फरक होता तो घराच्या भिंतींचा.

अमेरिकेत मात्र हाच प्रश्न रंगाच्या भिंगातून पाहिला जात होता. न्यूयॉर्कच्या कोलंबस हिल या कृष्णवर्णीयांच्या दाटीवाटीच्या वस्तीत बहुतेक तान्ह्या मुलांना मुडदूस होई. ‘यांचा वंशच तसा,’ असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. आल्फ्रेड हेस आणि लेस्टर उंगर यांनी तसं केलं नाही. त्यांनी त्या वस्तीतल्या बाळांना कॉड लिव्हर ऑइल दिलं आणि मुडदूस टाळता येतो, हे १९१७ साली दाखवून दिलं. गडद कातडीतलं मेलॅनिन अतिनील किरण अडवतं, म्हणून त्या कातडीला तेवढंच जीवनसत्त्व बनवायला जास्त ऊन लागतं, हे खरं. पण त्या माणसांना उंच इमारतींच्या सावलीत, उत्तरेच्या थंडीत आणून ठेवलं होतं ते इतिहासानं, कातडीनं नव्हे.

आता कर्करोगाकडे वळू. १९४१ साली फ्रँक ॲपर्ली यांनी दाखवलं, की अमेरिका-कॅनडाच्या जास्त उन्हाच्या भागांत कर्करोगाचे एकूण मृत्यू कमी आहेत. १९८० साली सेड्रिक आणि फ्रँक गारलँड या भावांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत हेच म्हटलं आणि त्याचा संबंध ड जीवनसत्त्वाशी जोडला. मग १९९० साली गॅरी श्वार्ट्झ आणि बार्बरा हुल्का यांनी प्रोस्टेटचं कोडं हाती घेतलं. हा कर्करोग कुणाला जास्त होतो? म्हाताऱ्यांना, कृष्णवर्णीयांना आणि उत्तरेकडे राहणाऱ्यांना. या तिघांत समान काय? तिघांच्याही अंगात ड जीवनसत्त्व कमी असतं. तर्क मोठा देखणा होता. पुढे प्रयोगशाळेत प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींवर या जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप टाकलं, तेव्हा त्यांची वाढ मंदावलेलीही दिसली.

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये हा कर्करोग गोऱ्यांपेक्षा सुमारे ७० टक्के जास्त आढळतो आणि त्यानं होणारे मृत्यू जवळजवळ दुप्पट आहेत. २०१४ साली शिकागोच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटचा तुकडा प्रथमच तपासायला आलेल्या सहाशेहून अधिक पुरुषांचं रक्त पाहिलं. ज्यांच्यात ड जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता होती, त्यांच्यात आक्रमक जातीचा कर्करोग जास्त निघाला. हे कृष्णवर्णीयांत दिसलं, तसंच गोऱ्यांतही. शिवाय, कमतरता असेल तर मुळात कर्करोग सापडण्याची शक्यताच वाढते, असा संबंध दिसला तो मात्र कृष्णवर्णीयांत.

मग ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या की झालं? इथेच थांबून विचार करायला हवा. रक्तातला आकडा कमी असणं हे आजाराचं कारण असू शकतं, तशी ती नुसती खूणही असू शकते. जो माणूस लठ्ठ आहे, घराबाहेर फारसा पडत नाही, आधीपासून आजारी आहे, त्याचाही आकडा कमीच येतो. त्यातून २०१३ साली एका अमेरिकन अभ्यासानं वेगळाच पेच टाकला. कृष्णवर्णीयांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी, पण त्यांची हाडं गोऱ्यांपेक्षा भक्कम! त्यातली मोजणीची पद्धत पुढे वादात सापडली. तरीही सगळ्यांना एकच फूटपट्टी लावावी का, हा प्रश्न उरलाच.

खरी कसोटी झाली ती ‘व्हायटल’ या मोठ्या चाचणीत. अमेरिकेतले २५,८७१ स्त्री-पुरुष, त्यांत पाच हजारांवर कृष्णवर्णीय. निम्म्यांना रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व, निम्म्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. पाचेक वर्षांनी, २०१८ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत कर्करोग होण्याचं प्रमाण लक्षणीय कमी झालं नव्हतं. नंतरच्या विश्लेषणात शरीरात पसरलेला किंवा जीवघेणा कर्करोग थोडा कमी दिसला, पण तो मुख्यतः वजन बेताचं असलेल्यांत. म्हणजे दार पूर्ण बंद झालेलं नाही, एवढंच.

भूगोलाकडे पाहिलं तरी ते देखणं उत्तर डळमळतं. कॅरिबियन बेटांवर उन्हाला तोटा नाही, तरी तिथे या कर्करोगाचे मृत्यू जगात सर्वाधिकांत गणले जातात. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी, पण या कर्करोगाची नोंद अमेरिकेच्या मानानं बरीच कमी. अर्थात आपल्याकडे तपासण्याही कमी होतात. आनुवंशिकतेचाही वाटा आहे. आठव्या गुणसूत्राच्या एका भागाचा या धोक्याशी असलेला संबंध २००६ साली पुढे आला.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास. तीन लाखांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात तपासली होती. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत किंवा औषधांच्या चाचण्यांत, जिथे काळ्या-गोऱ्यांना सारखेच उपचार मिळाले, तिथे प्रोस्टेटच्या कर्करोगानं मरण्यातला फरक जवळजवळ नाहीसा झाला होता. हा आजार कृष्णवर्णीयांना होतो जास्त, हे खरं. पण त्यानं मरणं जास्त, याचं मोठं कारण दवाखान्याचं दार कुणाला कधी उघडतं, हे आहे.

कोलंबस हिलच्या बाळांनी आणि नाशिकच्या गोषातल्या बायकांनी शंभर वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं. माणसाच्या कातडीकडे बोट दाखवण्याआधी तो राहतो कुठे, खातो काय आणि त्याला उपचार मिळतात का, हे विचारावं. आपल्यापुरतं सांगायचं, तर कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ड जीवनसत्त्व जरूर घ्यावं. हाडांना ते हवंच. मात्र ते कर्करोगाविरुद्धचं कवच समजू नये, आणि शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून पुड्यांवर पुड्या तर मुळीच घेऊ नयेत. पन्नाशी-साठीनंतर लघवीला वारंवार जावं लागत असेल, अडत असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर ‘वय झालं’ म्हणून संकोचानं गप्प बसू नये. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण ते साधं आहे हे डॉक्टरांनी सांगायला हवं, आणि त्यासाठी आधी त्यांच्याकडे जायला हवं.