हापशाची तब्येत

गावातला हापसा किती जुना, असं विचारलं तर कुणीतरी लगेच सांगेल, "मी नांदायला आले त्याच्या आदल्या साली बसवला." पण त्याची तब्येत कशी आहे? हा प्रश्न सरकारलाही जरा उशिराच पडला होता.

1972च्या दुष्काळात विहिरी आटल्या. मग काळा पाषाण फोडणारी यंत्रं आली, गावोगाव बोअर झाल्या. वर बसवले ओतीव लोखंडाचे पंप. ते मुळात परदेशातल्या एका घरापुरते, आणि इथं पहाटेपासून अख्खं गाव रांगेत! दांडे मोडले, खिळी झिजल्या. 1974च्या सुमारास पाहणी झाली, तर निम्म्याहून कितीतरी जास्त पंप बंद. कागदावर मात्र त्या गावांना पाणी मिळालेलं होतं. बसवले किती हे मोजलं जाई; चालतात किती, हे पाणी भरणाऱ्या बाईलाच ठाऊक. तिला कोण विचारणार?

उपाय आपल्याच मुलखात होता. जालना आणि सोलापूर इथं पोलादी पंप घडवले गेले होते. सोलापूरच्या पंपात दांड्याला साखळी होती, आणि तो टिकत होता. त्यावरूनच पुढं सरकार आणि युनिसेफनं 'इंडिया मार्क 2' तयार केला. आपल्याकडचा हापसा बहुधा तोच.

त्यात एक खोट राहिली. आतलं एवढंसं वायसर बदलायचं तरी सगळे पाइप वर काढावे लागतात. त्यासाठी गाडी हवी, माणसं हवीत, म्हणजे तालुक्याची वाट बघणं आलं. पुढच्या 'मार्क 3'मध्ये पाइप रुंद केला, त्यामुळे नुसता दट्ट्या वर येतो. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात 1990नंतर बायकाच हापसे दुरुस्त करायला शिकल्या.

आता आपल्या हापशाकडे जाऊ. अर्धा तास कुणी हापसू नका. मग पाणी यायला किती दांडे लागतात ते मोजा. पंधरा-वीस लागले, तर खालची झडप किंवा वायसर गळतंय. पाणी सुरू झालं की बादली लावून 40 दांडे पूर्ण मारा. चांगला पंप सुमारे 15 लिटर देतो. सुरुवातीला भरपूर पाणी येऊन मग नुसती हवा येत असेल, तर दोष पंपाचा नाही; बोअरचं पाणी खाली गेलंय. तिथं वायसर बदलून पैसे घालवू नका. आकडे तारखेसह बचतगटाच्या वहीत लिहा, आणि हेच मोजमाप पुन्हा मे महिन्यात करा.