हप्ता, रसद आणि आगाऊ कर : एक ऐतिहासिक टिपण

जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च या चार महिन्यांच्या १५ तारखा कोथरूडमधील एखाद्या वैद्यकव्यावसायिकाच्या किंवा वास्तुविशारदाच्या ध्यानात पक्क्या असतात. वर्ष संपण्यापूर्वीच त्या वर्षाच्या अंदाजित प्राप्तीवरील कर त्याला चार टप्प्यांत भरावा लागतो. याच भूमीवर एके काळी शेते होती आणि तेथील शेतकरीही सरकारदेणे हप्त्यांनीच भरत असे. या दोन हप्त्यांत नाते कोणते, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. त्याचा विचार करताना कायद्यांइतकाच शब्दांचाही आधार घेतला आहे.

‘हप्ता’ हा शब्द फारसीतून आला. फारसी ‘हफ्त’ म्हणजे सात. संस्कृत ‘सप्त’शी त्याचे सगोत्रत्व उघड आहे. परंतु सात दिवसांच्या कालखंडास मराठीत ‘आठवडा’ हा आपला शब्द होताच. त्यामुळे हप्त्याचा तो मूळ अर्थ रूढ मराठीत मागे पडला आणि देण्याचा ठरावीक भाग हा अर्थ शिल्लक राहिला. त्याचा जोडीदार ‘किस्त’ हा शब्द अरबी आहे. मूळ भाषेत त्याचा अर्थ वाटा असा आहे, तसाच न्याय असाही आहे. देणे विभागून घेणे आणि न्यायाने वागणे या दोन कल्पना तेथे एकाच शब्दात नांदतात, हे येथे विशेष लक्षात घेतले पाहिजे.

पेशवाईत महसुलाची वसुली सामान्यतः पिकांच्या हंगामास धरून हप्त्यांनी होत असे. तथापि सरकारची निकड हंगामाची वाट पाहणारी नव्हती. म्हणून मामलतदाराकडून नेमणुकीच्या वेळी काही रक्कम आगाऊ घेण्याचा प्रघात पडला. तिला ‘रसद’ म्हणत. ही रक्कम मामलतदार बहुधा सावकाराकडून उभी करी व पुढे महसुलातून व्याजासह वळती करून घेई. म्हणजे सरकारास पैसा आधी मिळे, रयतेच्या हाती पीक नंतर येई, आणि मधल्या काळाची किंमत अखेर महसुलावर पडे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत इजाऱ्याची पद्धत बोकाळली, तेव्हा हा भार अधिकच असह्य झाला.

१८१८ नंतर इंग्रजी अंमलात इजारा गेला आणि रयतवारी आली. १८३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात विंगेट व गोल्डस्मिड यांनी नव्या पाहणीचा पाया घातला व तीस वर्षांच्या मुदतीचे दर ठरू लागले. दर निश्चित झाले, ही गोष्ट रयतेच्या हिताची होती. परंतु दराबरोबर तारीखही निश्चित झाली, आणि पाऊस तारीख पाळत नाही. हंगाम चुकला की रोकड सावकाराकडून आणावी लागे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला. त्यानंतरच्या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. या कर्जबाजारीपणाची कारणे अनेक होती. महसुलाचा ताठरपणा त्यांपैकी एक मानला जातो.

या प्रकरणाचा शेवट आपल्या विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना कर्जाची फेड हप्त्यांनी करून देण्याचा अधिकार दिला. पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. जो हप्ता रयतेस सावकाराच्या दारी नेत होता, तोच आता तिचे रक्षण करणारा झाला. फरक इतकाच की, येथे हप्ता ठरवताना देणाऱ्याची ऐपत पाहिली जात होती. ‘किस्त’ शब्दातील न्यायाचा अर्थ येथे प्रत्यक्षात उतरला, असे म्हणता येईल.

आयकराचा इतिहास यानंतरचा नव्हे. जेम्स विल्सन याने तो १८६० मध्येच आणला होता. मात्र चालू वर्षातच कर आगाऊ भरण्याची योजना १९४४ साली, महायुद्धाच्या काळात, १९२२ च्या कायद्यात घालण्यात आली. त्याच वर्षी इंग्लंडमध्येही वेतनातून चालू कर कापण्याची पद्धत सुरू झाली. युद्धखर्चास पैसा लवकर हवा आणि महागाईच्या दिवसांत लोकांच्या हातचे चलन कमी व्हावे, हे दोन्ही हेतू त्यामागे होते. हिंदुस्थानातील योजनेत मागील आकारणी हा आधार होता. परंतु करदात्यास स्वतःचा अंदाज सादर करण्याची मुभाही होती. आगाऊ रकमेवर सरकार प्रारंभी दरसाल दोन टक्के व्याज देत असे. रसदेवरील व्याजाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे.

१९६१ च्या व २०२५ च्या कायद्यांतही ही पद्धत कायम राहिली. आज सामान्यतः १५ जूनपर्यंत १५, सप्टेंबरपर्यंत ४५, डिसेंबरपर्यंत ७५ आणि मार्चपर्यंत १०० टक्के कर भरावा लागतो. कमी भरल्यास व्याज द्यावे लागते. मात्र भांडवली नफ्यासारखी अनपेक्षित प्राप्ती झाल्यास तिच्यावरील कर उरलेल्या हप्त्यांत भरता येतो. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या साठ वर्षांवरील निवासी नागरिकांना तर आगाऊ कराची सक्तीच नाही. कोथरूडसारख्या निवृत्तांच्या वस्तीत या सवलतीचे मोल सहज कळते. पाऊस तारीख पाळत नाही, ही गोष्ट कायद्याने उशिरा का होईना मान्य केली आहे.

तात्पर्य, कराचा भार केवळ त्याच्या दराने ठरत नाही. तो कोणत्या दिवशी मागितला जातो, यानेही ठरतो. हे भाषेतही उमटलेले दिसते. ‘वसूल’ म्हणजे मुळात येऊन पोचणे. ‘रसद’ शब्दाचा संबंधही फारसीतील पोचणे या अर्थाच्या ‘रसीदन’ या धातूशी आहे. दोन्ही शब्द तिजोरीच्या दारात उभे राहून बोलतात. मराठी ‘पावती’ही ‘पावणे’ म्हणजे पोचणे यावरूनच आली. पण ती राहते देणाऱ्याच्या हाती. हप्त्याचा न्याय तपासावयाचा तर पैसा तिजोरीत केव्हा पोचला एवढेच पाहून भागत नाही. तो देणाऱ्याच्या हाती केव्हा आला होता, हेही पाहिले पाहिजे.