अडकलेली पुंगळी

जुलै लागला की दुकानात ठरलेली तक्रार यायची. "मिस्त्री, पुंगळी निघंना झालीया." भोगावतीकाठचा कुणीतरी ऊसवाला, डोक्यावर इरलं, खांद्यावर पोत्यात गुंडाळलेली बारा बोअर. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीच्या अलीकडे एका लायसनदाराचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं आमचे आबा लेथवर होते. शाळा सुटली की मी तिथंच. १९६०च्या आसपासची गोष्ट.

पुंगळी म्हणजे काडतुसाचं रिकामं टरफल. त्या काळच्या बारा बोअरचं बूड पितळी आणि वरची नळी कागदाची असायची. आमच्याकडच्या पावसात कागद फुगायचा. कधी काडतूस नळीत शिरायचंच नाही, कधी जोर लावून कोंबलं तर बार झाल्यावर बाहेर यायचं नाही. डुक्कर उसातून निघून जायचं आणि हा बाबा बंदूक मोडून बोटानं पुंगळी उपसत बसायचा. शहाणी माणसं काडतुसांच्या डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायची. काही महाभाग चुलीच्या वैलावर काडतुसं वाळवायचे, त्यांना आबा दुकानाबाहेर उभं राहून बोलायला लावत.

पैशाला जपणारे पूर्ण पितळेच्या पुंगळ्या बाळगायचे. एकदा घेतली की पुन्हा पुन्हा भरायची. बुडाला नवी टोपी, मग दारू, नमद्याचं बूच, छर्रे, वर पुठ्ठ्याची चकती. काळ्या दारूची राख ओल धरते, म्हणून बार झाला की पुंगळी गरम पाण्यानं धुवायची. तेवढं न केलं की ती खरखरीत व्हायची आणि पुढच्या खेपेला नळीला धरून बसायची. ठासणीच्या बंदुकीला हे दुखणं नव्हतंच, कारण तिच्यात काढण्यासारखं काही उरत नाही. पुंगळी आली आणि तिच्यामागं अडकणंही आलं.

हे दुखणं मोठमोठ्या फौजांनाही झालं होतं. १८७१ साली इंग्रजांनी मार्टिनी-हेन्री रायफल घेतली. तिची पुंगळी ओढीव पितळेची नव्हती, पातळ पत्रा गुंडाळून केलेली होती आणि बूड लोखंडी. जानेवारी १८८५ मध्ये सुदानात अबू क्लेआच्या लढाईत रायफली तापल्या, वाळू शिरली, पत्रा नळीला चिकटला. समोरून भालेवाले येत असताना शिपाई पुंगळ्या उपसत होते. त्यानंतर अखंड ओढीव पितळेच्या पुंगळ्या सर्रास आल्या. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा जन्म त्याआधीचा, १८६९चा. तिथल्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही इंग्रजी अक्षरं असत. ती उलटी-सुलटी चाचपडत मी ए-बी-सी-डी शिकलो असं आई सांगायची. थोडं खोटं असेल.

पितळच का, हे मला आबांनी नाही, एका तांबटानं शिकवलं. तांबट भांडं मठारतो तेव्हा ठोक्यागणिक धातू कडक होत जातो. फार कडक झाला की तडकायच्या आत भट्टीत भाजून नरम करायचा, पुन्हा ठोकायचा. पुंगळीचंही तसंच. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. बूड कडक, तोंड नरम. बार होताच ती फुगून नळीला घट्ट बसते, त्यामुळे धूर मागं येत नाही. दाब उतरला की केसभर आकसते आणि सैल होते. हे केसभर आकसणं हाच सगळा खेळ.

हे मी परवा भाच्याला फोनवर सांगत होतो. तो टेक्सासात असतो. तिथं त्यानं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वर घेतलंय आणि काडतुसं घरीच भरतो. आपल्याकडं आता असला उद्योग केला तर पोलीस दारात. तिथं तो छंद.

"मामा, सहा बार झाले की पुंगळ्या निघत नाहीत. लाकडी हातोडीनं दांडी ठोकावी लागते."

"आधी ठोकायचं बंद कर. दांडी वाकली तर चक्र उघडायचं नाही. सहाही अडकतात का एखादीच?"

"सहाही."

एकच अडकली असती तर चक्राच्या त्या घरात खरवड किंवा घाण असं म्हटलं असतं. मग विचारलं, याच्यात तू .३८ स्पेशल मारतोस का? मारत होता. .३५७ची पुंगळी १९३५ साली स्मिथ अँड वेसननं मुद्दाम सुमारे सव्वातीन-साडेतीन मिलिमीटरनं लांब केली, कारण तिचा दाब .३८च्या दुपटीहून जास्त. जुन्या नाजूक हत्यारात ती शिरूच नये. पण उलटं चालतं. आखूड .३८ लांब घरात बसते आणि तिच्या तोंडापुढं काजळीचं कडं साठतं. नंतर लांब पुंगळी त्या कड्यात फुगते आणि धरली जाते.

"ब्रशनं घासून काढ. तेलाचा थेंबही ठेवू नकोस, कोरडं कर. मग कंपनीची काडतुसं मार."

दोन दिवसांनी फोन. कंपनीच्या पुंगळ्या अंगठ्यानं दाबल्या की खाली. त्याच्या स्वतःच्या मात्र अजून घट्ट.

"म्हंजे दारू जास्त पडतीया तुझी."

"पुस्तकात दिलीय तेवढीच घालतोय, मामा."

"तराजू तपासलास?"

गप्प झाला. जास्त दाबानं पुंगळी का अडकते, हे आबा बैलगाडीच्या धावेवरून सांगायचे. लोहार धाव तापवतो, ती पसरते, चाकावर चढवून पाणी ओतलं की आवळून बसते. दाब बेतात असला की पितळ पोलादापेक्षा जास्त मागं येतं आणि सुटतं. दाब हद्दीबाहेर गेला की पितळ कायमचं ताणलं जातं, मागं येतं ते थोडंच. पोलाद मात्र ताणून पूर्ण परत येतं आणि पुंगळीवर धाव चढल्यासारखं आवळतं. अशा वेळी पुंगळी घासून-पुसून काही होत नाही. ती दारूबद्दल बोलत असते. भाच्याच्या तराजूचा काटा शून्यावर नव्हता. त्यानं उरलेली सगळी काडतुसं उकलली, हे मला फार आवडलं. आमच्याकडचा एखादा "आता केलीत तर संपवून टाकू" म्हणाला असता.

आमचं कोल्हापूरही तसं हातानं करून बघणाऱ्यांचं. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला आणि त्यावर १९२० साली 'सैरंध्री' काढला. बंदुकीचं मात्र हळूहळू संपलं. १९४९ साली संस्थान विलीन झालं, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर कडक बंधनं आली, दुकानात गिऱ्हाईक राहिलं ते पिकाच्या राखणीचं. आता गल्लीतल्या पोरींना नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत ठाऊक. राहीच्या .२२ पिस्तुलाची पुंगळी आपली आपण उडून पडते.

वन्यजीव कायदा आला त्या वर्षी एका घरच्या पितळी पुंगळ्या मोडीत निघाल्या. आबांनी तांबटापुढं ओतल्या. बऱ्याच पुंगळ्यांच्या तोंडाला उभ्या चिरा होत्या. बार न होताही पडलेल्या.

तांबटानं एक उचलून नाकाशी धरली. "गोठ्यात ठेवल्या हुत्या काय?"

खरंच गोठ्याच्या माळ्यावर होत्या. हिंदुस्थानात इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की अशीच चिरत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात कोंडलेला ताण मिळून हे करतात, असं १९२१ साली मूर, बेकिनसेल आणि मॅलिनसन या तिघांनी दाखवून दिलं. हे मी फार उशिरा वाचलं. तांबटाकडं त्याचं उत्तर आधीच होतं. त्याच्या सासुरवाडीची समई गोठ्याच्या भिंतीला टांगून अशीच फुटली होती. त्यानं पुंगळ्या वजन केल्या, चिरलेल्या वेगळ्या काढल्या आणि म्हणाला, "ह्यांचा दर कमी न्हाई हं मिस्त्री, वितळल्यावर सगळं पितळ एकच."