नेब्रास्काच्या वाळूत अडकलेली सायकलस्वार तुकडी

१४ जून १८९७ रोजी पहाटे अमेरिकेच्या २५व्या पायदळ पलटणीतील वीस कृष्णवर्णीय सैनिक मोंटानातील फोर्ट मिझूला येथून सायकलींवर निघाले. जायचे होते मिसुरीतल्या सेंट लुईसला, म्हणजे सुमारे १,९०० मैल किंवा तीन हजार किलोमीटरांहून अधिक. त्यांच्यासोबत तिघे गोरे होते: तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट जेम्स मॉस, डॉक्टर जेम्स केनेडी आणि मिझूलाच्या वृत्तपत्राचा एकोणीस वर्षांचा बातमीदार एडवर्ड बूस. पुढे या प्रवासाची आठवण निघाली ती मुख्यतः नेब्रास्कातील वाळूच्या टेकड्यांमुळे.

प्रयोगामागचा हिशेब साधा होता. घोड्याला दाणा, वैरण आणि पाणी लागते, तो आजारी पडतो, आणि दूरवर त्याच्या टापांचा आवाजही जातो. सायकलीला यातले काहीच नाही. युरोपातील सैन्यांत निरोप पोचवण्यासाठी सायकलस्वार नेमले जात होतेच. अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल नेल्सन माइल्स यांनाही ही कल्पना पटली होती. मॉस हे १८९४ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडले ते वर्गात शेवटच्या क्रमांकाने. त्या काळी कृष्णवर्णीयांच्या पलटणींवर अधिकारी गोरेच असत, आणि दूरच्या ठाण्यांवरच्या या नेमणुका वरच्या क्रमांकाचे तरुण सहसा टाळत. १८९६ साली मॉस यांनी आठ जणांची तुकडी उभारून ती यलोस्टोनपर्यंत नेऊन आणली. पुढच्या वर्षीची सेंट लुईसची मोहीम ही त्याहून कितीतरी मोठी परीक्षा होती.

सायकली स्पॉल्डिंग कंपनीच्या होत्या. त्यांना पोलादी रिमा होत्या. तंबू, अंथरूण-पांघरूण, शिधा आणि अवजारे धरून प्रत्येक सायकलीचे वजन साधारण २७ किलो भरत असे, आणि त्याशिवाय रायफल व ५० काडतुसे बाळगायची होती. वाटेत दर शंभर मैलांवर दोन दिवसांचा शिधा आधीच पाठवून ठेवलेला असे. म्हणजे दिवसाला पन्नास मैल कापणे भागच होते, नाही तर उपाशी राहावे लागे. सगळ्या मोहिमेचा ताण या एका व्यवस्थेत साठलेला होता. पाऊस पडो वा वादळ येवो, थांबणे परवडणारे नव्हते.

पाऊस तर पहिल्या दिवसापासूनच लागला. मोंटानातली माती भिजली की सिमेंटसारखी चाकांना चिकटते, चाक फिरेनासे होते आणि काठीने खरवडून काढावी लागते. काही मैलांवर पुन्हा तेच. रॉकी पर्वताचा माथा ओलांडताना जूनमध्येही बर्फ पडत होता. जिथे रस्ता संपे तिथे लोहमार्ग धरायचा आणि रुळांखालच्या स्लीपरांवरून हाडे खिळखिळी करत जायचे. तरीही तुकडी वेळापत्रक बऱ्याच अंशी सांभाळत होती. चिखल, थंडी आणि पंक्चर यांवर काही ना काही उपाय निघत असे.

वाळूवर मात्र उपाय नव्हता. जुलैच्या सुरुवातीला तुकडी नेब्रास्काच्या पश्चिम भागात, सँड हिल्समध्ये शिरली. या गवताळ टेकड्यांखाली निव्वळ बारीक वाळू आहे. त्या काळच्या गाडीवाटांवर ती घोट्यापर्यंत साचलेली असे, आणि लादलेली सायकल तिच्यात रुतून बसे. तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या आसपास होते. सायकली ढकलत पुन्हा लोहमार्ग गाठावा लागला. सुमारे १७० मैल कापायला साडेचार दिवस गेले. पायांना फोड आले. दुपारी सावली शोधून पडायचे आणि रात्री चंद्रप्रकाशात चालायचे, असा क्रम ठरला.

त्याहून वाईट होते ते पाणी. तिथले बरेचसे पाणी खारट-अल्कधर्मी, पोट बिघडवणारे. तहान अशी की ते पिण्यावाचून गत्यंतर नव्हते. एकामागून एक सैनिक आजारी पडले. स्वतः मॉस आजारी होऊन मागे राहिले आणि तुकडीची सूत्रे काही दिवस डॉक्टर केनेडींकडे गेली. या दिवसांत सायकल हे वाहन उरलेच नव्हते, ते ढकलत न्यायचे ओझे झाले होते. तुकडी पुढे सरकली ती सार्जंट मिंगो सँडर्स यांच्यासारख्यांच्या जोरावर. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या सँडर्स यांची एका डोळ्याची दृष्टी अधू होती, आणि सैनिकांना शिस्तीत चालते ठेवण्याचा भार त्यांच्यावर होता.

पूर्वेकडे रस्ते सुधारले तसा वेगही वाढला. २४ जुलैला तुकडी सेंट लुईसला पोचली. फॉरेस्ट पार्कमधील त्यांच्या तळाला हजारो लोकांनी भेट दिली. मॉस यांनी मोहीम यशस्वी ठरल्याचे कळवले. सैन्याने मात्र तुकडीला रेल्वेने मिझूलाला परत पाठवले आणि सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाण्याचा पुढचा प्रस्ताव फेटाळला. १८९८ साली स्पेनशी युद्ध सुरू झाले, पलटण क्यूबाला गेली आणि प्रयोग तिथेच थांबला. नेब्रास्कात सिद्ध झाली ती माणसांची चिकाटी. पण सायकल रस्त्याशिवाय चालत नाही, हेही तिथेच दिसले, आणि सैन्याने मनावर घेतली ती हीच गोष्ट.

१९०६ साली टेक्सासमधील ब्राऊन्सव्हिल येथे गोळीबार झाला. त्याचा ठपका ठेवून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी याच पलटणीतील १६७ सैनिकांना खटला न चालवता बडतर्फ केले. त्यांत २६ वर्षे सेवा झालेले मिंगो सँडर्सही होते, आणि निवृत्तिवेतन त्यांच्या हातून गेले. सैन्याने या सैनिकांना निर्दोष ठरवले ते १९७२ साली.