जाळें, कुंपण आणि कॅमेरा : एका निळ्या फुलपाखराची हकीकत

श्रोतेहो, इतिहास म्हटला कीं, आपल्या डोळ्यांपुढें तख्तें, तहनामे आणि लढाया उभ्या राहतात. आज ज्याचा इतिहास मी सांगणार आहें, त्याचें पंख फुटल्यानंतरचें आयुष्य अवघें चार-सहा दिवसांचें असतें. तरीहि त्याच्यासाठीं कायदा झाला, कुंपण घातलें गेलें, विद्वानांनीं आयुष्याचीं उत्तम वर्षें वेंचलीं. आणि इतकें होऊनहि एका देशांतून तें साफ नाहींसें झालें. तें कां नाहींसें झालें आणि परत कसें आलें, हें समजून घेतांना फुलपाखराइतकीच माणसाच्या पाहण्याच्या रीतीचीहि ओळख आपणांस पटेल.

इंग्लंडांत फुलपाखरें हुडकण्याचा छंद फार जुना आहे. तेथला उन्हाळा लहान आणि कोवळा. म्हणून तो आला कीं माणसें कुरणांत आणि टेकड्यांवर लोटतात. अठराव्या शतकांत लंडन शहरीं अशा छंदी लोकांचें एक मंडळ होतें. फुलपाखराच्या कोशाचें जें लॅटिन नांव, त्यावरून हे लोक स्वतःला 'ऑरेलियन' म्हणवीत. १७४८ सालीं कॉर्नहिल भागांत मोठी आग लागली, तींत या मंडळाचा संग्रह जळून खाक झाला. परंतु छंद कांहीं जळाला नाहीं. १७६६ मध्यें मोझेस हॅरिस यानें 'दि ऑरेलियन' नांवाचा सुंदर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानेंच एलेनॉर ग्लॅनव्हिल या बाईंची हकीकत नमूद करून ठेवली आहे. १७०९ मध्यें बाई वारल्यावर नातेवाइकांनीं त्यांच्या मृत्युपत्रास हरकत घेतली. आणि त्यांचें डोकें ठिकाणावर नव्हतें, याला पुरावा म्हणून त्यांच्या फुलपाखरांच्या नादाकडे बोट दाखविलें! आज इंग्लंडांतलें एक फुलपाखरूं त्याच बाईंच्या नांवानें ओळखलें जातें.

एकोणिसाव्या शतकांत हा छंद घरोघर पसरला. हातांत जाळें, खिशांत विषाची कुपी, घरीं टांचण्यांची डबी आणि कांचेचें कपाट, असा त्याचा सरंजाम असे. या संग्राहकांना केवळ क्रूर म्हणून सोडून देणें बरोबर होणार नाहीं. जाति कोणती, ती कोठें व कोणत्या महिन्यांत सांपडते, हें प्राथमिक ज्ञान पुढच्या पिढ्यांना त्यांच्याच कपाटांतून मिळालें. परंतु टांचणीला टोंचलेलें फुलपाखरूं त्याचा रंग सांगतें, आयुष्य सांगत नाहीं; आणि आपल्या कथेंतील सारा घोटाळा येथेंच आहे.

या कथेचा नायक म्हणजे ज्याला इंग्रज 'लार्ज ब्लू', म्हणजे मोठें निळें, असें म्हणतात तें फुलपाखरूं. पंखांवर निळा रंग आणि पुढच्या पंखांवर काळे ठिपके, ही त्याची खूण. १७९५ मध्यें इंग्लंडांतील फुलपाखरांत त्याची नोंद झाली. तें मुळांतच दुर्मिळ, आणि दुर्मिळ वस्तूची ओढ कोणाला नसते? संग्राहक दुरून त्याच्या मागें येऊं लागले. पण त्यांना एक कोडें उलगडेना. जून-जुलईमध्यें मादी 'थाइम' नांवाच्या, आपल्या तुळशी-पुदिन्याच्या कुळांतल्या, सुगंधी झुडपाच्या कळ्यांवर अंडीं घाली. त्यांतून निघालेली अळी दोन-तीन आठवडे फुलें खाई, तीनदां कात टाकी, आणि मग एकाएकीं खाणें सोडी. घरीं पाळलेल्या अळ्या येथवर येऊन मरत. रानांतल्या अळ्या जात तरी कोठें?

१९१५ मध्यें डॉ. चॅपमन यांनीं मुंग्यांच्या वारुळावर वाढलेलें एक झुडूप उपटलें, तों मुळाशीं त्यांना ही अळी मिळाली. तिच्या पोटांतील अन्न सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां तेथें मुंग्यांच्या पिलांचे अवशेष निघाले! पुढें फ्रोहॉक आणि पुरफॉय या दोघांनीं अक्रोडाच्या कवचांत मुंग्या पाळून या अळीचें गुपित उघड केलें. खाणें सोडलेली अळी संध्याकाळच्या सुमारास जमिनीवर उतरते. तिच्या अंगांतून गोड रसाचा थेंब पाझरतो. एखादी तांबडी मुंगी तो चाटते. आणि मग अळी अंग असें कांहीं फुगविते कीं, हें आपलेंच हरवलेलें पिलूं आहे, अशा समजुतीनें मुंगी तिला उचलून घरीं नेते. घरांत शिरलेली ही पाहुणी सुमारें दहा महिने यजमानांचींच पिलें खाऊन लठ्ठ होते, तेथेंच कोश बांधते, आणि पुढच्या जूनमध्यें एका सकाळीं बाहेर येऊन गवताच्या काडीवर आपले ओले पंख पसरते. आमच्या पंचतंत्रकारानें हें पाहिलें असतें, तर आणखी एक कथा खचित लिहिली असती.

कोडें सुटलें असें सर्वांस वाटलें, आणि तेथेंच चूक झाली. फुलपाखरें वर्षानुवर्षें कमी होत चाललीं होतीं. याचा दोष साहजिकच जाळेंवाल्यांवर आला. १९३० नंतरच्या दशकांत एका ठिकाणीं संग्राहकांना अटकाव करण्यासाठीं कुंपण घालण्यांत आलें. हेतु शुद्ध होता. परंतु त्या कुंपणानें संग्राहकांबरोबर गुरेंहि बाहेर राहिलीं, गवत माजलें, आणि कांहीं वर्षांत तेथलीं मोठीं निळीं फुलपाखरें संपलीं. पुढें १९५३ मध्यें मिक्झोमॅटोसिस नांवाची सशांची सांथ इंग्लंडांत शिरली. तिनें तेथले बहुतेक ससे मारले, आणि ज्या टेकड्या सशांच्या दातांनीं वस्तऱ्यानें भादरल्यासारख्या राहत असत, त्याहि गवतानें झांकल्या गेल्या. थाइम अजून फुलत होता, तांबड्या मुंग्याहि फिरत होत्या. मग फुलपाखरांना काय कमी पडलें?

१९७२ मध्यें जेरेमी थॉमस हा तरुण शास्त्रज्ञ हें शोधण्यासाठीं राहिलेल्या अखेरच्या वस्तीजवळ जाऊन बसला. ओळीनें अनेक उन्हाळे त्यानें अंडीं मोजलीं, अळ्यांवर नजर ठेविली, मुंग्यांचीं घरें तपासलीं. अखेरीस जें हातीं आलें तें असें : तांबड्या मुंग्या दिसायला सारख्या, पण त्यांच्या जाति वेगळाल्या आहेत. यांपैकीं कोणतीहि अळीला उचलून नेते. परंतु तिचा निभाव लागतो तो मुख्यतः 'मिर्मिका साबुलेटि' या एकाच जातीच्या घरांत. या मुंगीला ऊब लागते. गवत बोटभर उंचीच्या आंत असलें कीं ऊन जमिनीला भिडतें आणि ती नांदते. गवत थोडें वाढलें कीं जमीन दोन-तीन अंशांनीं थंड होते, ती मुंगी मागें सरते आणि तिच्या जागीं दुसरी जात येते. वरून पाहणाराला टेकडी हिरवीगार, अधिकच सुंदर दिसते. खालीं मात्र फुलपाखराचें घर मोडलेलें असतें. ज्या गुरांना आणि सशांना आपण त्याचे शत्रु समजलों, तेच त्याचे रक्षक होते.

हें कळलें खरें, पण वेळ निघून गेली होती. १९७५ आणि १९७६ च्या अवर्षणांनीं उरलीसुरली वस्ती खंगली, आणि १९७९ मध्यें मोठें निळें ब्रिटनमधून नष्ट झालें. रोगाचें निदान झालें त्याच सुमारास रोग्यानें डोळे मिटावे, तसा हा प्रकार झाला.

तथापि निदान वायां गेलें नाहीं. निवडक टेकड्यांवर पुन्हां गुरें आणि तट्टें चरूं लागलीं; गवत आंखूड झालें; ती मुंगी परत आली. मग १९८३ पासून स्वीडन देशांतून आणलेल्या या जातीची पुन्हां वसाहत करण्यांत आली. सॉमरसेटमधील कॉलर्ड हिल या टेकडीवर २००० सालीं तीं सोडलीं, आणि पुढें ती जागा लोकांना पाहण्यासाठीं खुली झाली. २००९ मध्यें थॉमस आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं या यशाचा साद्यंत वृत्तांत शास्त्रीय जगापुढें मांडला. २०२० च्या उन्हाळ्यांत तर ग्लॉस्टरशायरमधील रॉडबरो कॉमन येथें, जेथें सुमारें दीडशें वर्षें हें फुलपाखरूं कोणीं पाहिलें नव्हतें, तेथें तें पुन्हां बागडलें.

आतां जून महिना आला कीं लोक या टेकडीवर येतात. पण हातांत जाळें नसतें, कॅमेरा असतो. हा बदल एका दिवसांत झाला नाहीं. कांचेच्या जड तबकड्यांच्या काळीं उडत्या जीवाचें छायाचित्र घेणें म्हणजे वाऱ्याला मुठींत धरणें होतें. लहान कॅमेरे आणि १९३५ नंतरच्या रंगीत फिल्मा आल्या, तेव्हां वाट मोकळी झाली. १९४५ मध्यें ई. बी. फोर्ड यांचा 'बटरफ्लाइज' हा ग्रंथ निघाला. त्यांतील जिवंत फुलपाखरांचीं रंगीत छायाचित्रें पाहून, मारल्यावांचूनहि संग्रह करतां येतो, हें पुष्कळांच्या ध्यानीं आलें. हल्लीं तर खिशांतल्या मोबाइलनेंहि हें काम होतें.

परंतु यंत्र सोपें झालें म्हणून पाहणें सोपें झालें नाहीं. सकाळीं अंग तापवण्यासाठीं फुलपाखरूं पंख उघडून बसतें, तोच उत्तम समय. आपली सावली त्याच्यावर पडतां कामा नये. हालचाल मंद हवी. आणि मुख्य म्हणजे पायवाट सोडतां कामा नये, कारण पायांखालीं थाइमचीं झुडपें आणि त्या मुंग्यांचीं घरें असतात. शिवाय ज्या छायाचित्रावर तारीख आणि स्थळ नाहीं, तें नुसतें चित्र होय. तारीख-स्थळ असलें कीं तोच इतिहासाचा कागद होतो. अर्नी पोलार्ड यांच्या पद्धतीनें १९७६ पासून ब्रिटनमध्यें हौशी लोक एप्रिल ते सप्टेंबर दर आठवड्याला तीच ठराविक वाट चालून फुलपाखरें मोजीत आले आहेत. कोणती जात वाढली, कोणती घटली, हें आज सांगतां येतें तें या साध्यासुध्या पायपिटीमुळें.

ही गोष्ट केवळ परदेशची समजूं नये. मुंबईंत १८८३ मध्यें स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकीं ई. एच. एटकेन हे साताऱ्यास जन्मले होते. त्यांचे सहकारी टी. आर. बेल हे कारवारकडील जंगलखात्यांतले अधिकारी. त्यांनीं अळ्या घरीं पाळून, कोणती अळी कोणत्या पानावर जगते, कोणत्या अळीभोंवतीं कोणत्या मुंग्या जमतात, हें वर्षानुवर्षें टिपलें. संस्थेच्या त्रैमासिकांत १९०९ पासून आलेली त्यांची लेखमाला अभ्यासकांना आजहि आधार आहे. आपल्याकडच्याहि कित्येक चिमुकल्या निळ्या फुलपाखरांच्या अळ्यांचें मुंग्यांशीं सख्य असतें. २०१५ मध्यें महाराष्ट्रानें ज्याला राज्याचें फुलपाखरूं ठरविलें, तें 'नीलवंत' तर लिंबाच्या कुळांतल्या झाडांवर वाढतें.

म्हणून, श्रोतेहो, सज्जांतल्या कढीलिंबाच्या कुंडींत एखादी हिरवी अळी पानें कुरतडतांना दिसली, तर तिला झटकून टाकण्यापूर्वीं थोडें थांबावें. चार पानें तिला द्यावीं. ती किती दिवस खाते, कोठें कोश बांधते, कोणत्या सकाळीं बाहेर येते, हें घरांतल्या मुलांना एका वहींत तारखेनिशीं लिहूं द्यावें, आणि जमल्यास रोज एक छायाचित्र घेऊं द्यावें. इंग्लंडांतल्या त्या सद्हेतूच्या कुंपणाला जें साधलें नाहीं, तें गवतांत गुडघे टेंकून मोजीत बसणाऱ्या एका माणसानें साधलें. आणि त्यालाहि पोंचायला थोडा उशीर झाला होता, एवढें आपण ध्यानांत ठेवूं या.