भूर्जाची भावंडे

ताईत करायचा तर आत भूर्जपत्रच हवे, असा आपल्या घरांतून जुना आग्रह असे. ते झाड मात्र घरातल्या कोणी पाहिलेले नसे. पाहणार कुठून? भूर्ज हिमालयाच्या उंच थंडीत वाढतो. दख्खनच्या हवेत नाही. नाव तेवढे आपल्यापर्यंत पोचले, आणि त्या नावाची भावंडे हिमालयाच्या पलीकडे फार दूरवर पसरली आहेत.

इंग्रजीत हे झाड बर्च, जर्मनमध्ये बिर्के, रशियनमध्ये बिर्योझा, लिथुआनियनमध्ये बेर्झास. मूळ अर्थ ‘चकाकणारे’ असा लावतात. पांढरी साल पाहिली की तो पटतो. उपयोगही तोच. पेशावरजवळ बख्शाली येथे 1881 मध्ये सापडलेले गणिताचे हस्तलिखित भूर्जपत्रावरचे आहे. रशियात नोव्हगोरोदच्या मातीतून 1951 पासून निघत आलेली मध्ययुगीन पत्रेही बर्चच्याच सालीवर कोरलेली.

लॅटिनमध्ये मात्र याच मुळातला ‘फ्राक्सिनुस’ हा शब्द अॅश या भलत्याच झाडाला चिकटला. इटलीच्या बऱ्याच भागात बर्च नाही. लोकांनी शब्द टाकला नाही, समोरच्या झाडाला दिला. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात काढलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये. खऱ्या बर्चसाठी रोमनांना ‘बेतुला’ हे नाव गॉल लोकांकडून उसने घ्यावे लागले. प्लिनी तर त्याला गॉलचेच झाड म्हणतो.

‘बीच’ वृक्षावरून मोठा वाद झाला. लॅटिन ‘फागुस’ आणि जर्मन ‘बुखे’ म्हणजे बीच. तो कालिनिनग्राड-ओडेसा रेषेच्या पूर्वेला सहसा उगवत नाही. तेव्हा मूळ भाषिकांचे घर त्या रेषेच्या पश्चिमेला, असे अनुमान निघाले. पण त्याच शब्दाचे ग्रीक रूप ‘फेगोस’ म्हणजे ओक, आणि संस्कृतात तर त्याचा पत्ताच नाही. नाव एकदा सरकले, तर आधी ते कोणत्या झाडाचे होते हे कोणी सांगावे? मला हे अनुमान लंगडे वाटते. भूर्जाची साक्ष अधिक भक्कम, कारण इतक्या दूरच्या भाषा एकाच झाडाकडे बोट दाखवतात.

संस्कृत ‘दारु’ म्हणजे लाकूड, ग्रीक ‘द्रुस’ म्हणजे ओक, इंग्रजी ‘ट्री’ म्हणजे कोणतेही झाड. तिन्ही एकाच घरातले. आपल्या ‘देवदार’मध्येही तोच ‘दारु’ आहे. वाण्याकडची देवदारी खोकी मात्र दर वेळी देवदाराचीच असतात असे नाही.